सहा ग्लासांच्या बुडाशी

छापील कागद उन्हात राहिला की त्यातला लाल रंग सगळ्यात आधी उडतो. मग पिवळा. निळा आणि काळा मागे राहतात. हे मला कुणी शिकवलं नाही, सत्तावीस वर्षं प्रेसमध्ये काढली की आपोआप कळतं.

घाटकोपरला आमच्या टेकडीच्या पायथ्याशी एक सरकारी दवाखाना आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत एक पोस्टर लावलेलं आहे. पेटीची किल्ली हरवली असावी, कारण ते कित्येक वर्षांत बदललेलं नाही. चित्रात पाच माणसं जमिनीवर बसून जेवतायत. मधे भाकरीची टोपली, प्रत्येकासमोर ताट, प्रत्येक ताटाच्या डाव्या हाताला पाण्याचा ग्लास. मूळचं चित्र चांगलं रंगीत होतं. आता त्यातलं सगळं निळं झालंय. माणसं निळी, भाकरी निळी, एका बाईची साडी निळी. तलावाच्या तळाशी बसून कुणी शांतपणे जेवतंय असं वाटतं. वरच्या कोपऱ्यातली लाल रिबीन राखाडी झाली आहे. अक्षरं मात्र काळ्या शाईत असल्यामुळे अजून वाचता येतात. 'सोबत जेवल्याने एचआयव्ही होत नाही.' खाली बारीक टाइपात तो कशाने होतो ते दिलंय: असुरक्षित शरीरसंबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला. आणि सगळ्यात खाली, तपासणी करून घ्या.

मेट्रोकडे जाताना मी रोज त्याच्यासमोर अर्धा मिनिट थांबतो. बायको म्हणते, बघून बघून त्यातली माणसं तुम्हाला ओळखायला लागली असतील.

ते पोस्टर आमच्याकडे छापलं गेलं. प्रेस अंधेरीला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात. माझं काम तपासणीचं. मशीनमधून निघालेला कागद उचलायचा, भिंगाखाली धरायचा, चारही रंग एकमेकांवर बरोबर बसलेत की नाही बघायचं, खराब कागद वेगळे काढायचे, चांगले मोजायचे. शंभराला एक चिठ्ठी, पाचशेला एक गठ्ठा. आमच्या प्रेसमधून गेलेल्या गठ्ठ्यात एक कागद कमी निघाला असं आजवर दोनदा झालंय. दोन्ही वेळा मी रजेवर होतो.

भिंगातून पाहिलं तर पोस्टरवर माणसं नसतातच. नुसते ठिपके असतात. निळे, लाल, पिवळे, काळे. गाल म्हणजे लाल आणि पिवळे ठिपके, सावली म्हणजे त्यात थोडे निळे. भिंग बाजूला केलं की ते सगळे एक होतात आणि कुणीतरी आपल्याकडे बघून हसतं. इतक्या वर्षांनंतरही मला ते थोडं स्वप्नासारखं वाटतं. माणूस आधी नसतो, मग असतो.

या विषयाची पोस्टरं मी नोकरीला लागलो तेव्हापासून पाहतोय. पहिली पहिली काळ्या आणि लाल अशा दोनच रंगांत असायची. कवटी, फणा काढलेला साप, आडवी तिडवी हाडं, आणि मोठ्या अक्षरांत 'सावधान'. काळी शाई इतकी लागायची की हात धुतले तरी नखांत राहायची. मग साप गेले, रिबीन आली. मग हात आले, एकमेकांत अडकवलेले. मग डॉक्टर, गोळ्या, हसणारी कुटुंबं. प्रत्येक पोस्टरचं प्रूफ मी शब्द न् शब्द वाचलंय. मिठी मारल्याने होत नाही. डास चावल्याने होत नाही. एकाच ग्लासातून पाणी प्यायल्याने होत नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सगळी यादी क्रमाने म्हटली असती.

आणखी एक सांगायला हवं. मशीन सुरू करताना पहिले काही कागद वाया जातात. रंग बसेपर्यंत तेच ते कागद परत परत घालतात, मग कुठल्याही कामाला वापरतात. त्यामुळे एकाच कागदावर तीन-चार कामं एकावर एक छापली जातात. लग्नपत्रिकेचं तोरण, त्यावर औषधाच्या खोक्याचा नकाशा, त्यावर या पोस्टरमधले हात. असे कागद मी घरी आणतो. मागची बाजू पांढरी, कागद जाड. मुलीच्या पुस्तकांना तेच कव्हर, स्वयंपाकघराच्या मांडणीत तेच अंथरूण. आमच्या घरात कुठलाही कप्पा रिकामा केला तर खालून असं काहीतरी निघतं, दोन-तीन जगं एकमेकांत मिसळलेली.

माझा धाकटा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. पवईच्या ऑफिसांच्या उंच इमारतींत त्याचं काम. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, लग्न न केलेला, तिकडेच एका खोलीत आणखी एकाबरोबर राहायचा. एका वर्षी त्याला ताप आला तो महिनाभर उतरला नाही. गोरेगावच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. तिथे तपासण्या झाल्या आणि त्यात हे निघालं. कसं झालं ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं नीट समजावलं. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, न चुकता. गोळी चालू राहिली तर माणूस काम करतो, जगतो. बाई बोलत होत्या आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर आमच्याच प्रेसचं पोस्टर होतं. मी सवयीने बघितलं. निळा रंग केसभर डावीकडे सरकलेला होता. ते काम झालं तेव्हा मी रजेवर असणार.

डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी मी त्याला घरी आणायला गेलो. रिक्षावाल्याला म्हटलं, आरेतून घाल, हवा बरी असते. दुपारची वेळ. दोन्ही बाजूंना झाडं, मधून एखादा तबेला, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. एका वळणावर दहा-बारा म्हशी रस्त्यातच उभ्या होत्या. रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, इंजिन बंद करून बसला. पानांतून ऊन खाली येत होतं, म्हशींच्या पाठीवर हलत होतं, आणि माझा भाऊ स्वेटर घालून माझ्या शेजारी बसला होता. त्याचं वजन अठ्ठेचाळीस किलो झालं होतं. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता तरी कुणी बसलंय असं वाटत नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "मी तुझ्याकडे येतोय, पण एक अट आहे."

"बोल."

"ज्या दिवशी माझं भांडं वेगळं होईल, त्या दिवशी मी निघेन. मला तोंडाने सांगू नकोस. नुसतं वेगळं ठेव. मला कळेल."

"वेडा आहेस का तू? मी ती पोस्टरं छापतो."

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला आणि म्हशींकडे बघत राहिला.

त्याने ही अट का घातली ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमचे वडील मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आले. त्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी वेगळी असायची, बाहेरच्या खांबाला खिळ्यावर टांगलेली. आपणच काढायची, चहा पिऊन आपणच धुवायची, परत टांगायची. वडील आठ वर्षांचे असताना एकदा त्यांनी ती मुद्दाम न धुता टांगली. पुढे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त मनगटावरची खूण दाखवायचे. घाटकोपरला पहिली खोली झाली तेव्हा त्यांनी बाजारातून स्टीलचे सहा ग्लास आणले, एकाच मापाचे, एकाच घडणीचे. भांडीवाला नाव घालून देतो म्हणाला. वडील म्हणाले, नाव नको. या घरात कुणाचाही ग्लास कुणाचा नसेल. हाताला येईल त्यातून प्यायचं. तेच सहा ग्लास आमच्याकडे अजून आहेत. एकही हरवलेला नाही. ते मांडणीत उभे ठेवायचे, पालथे नाही; पालथ्यात वास कोंडतो असं आईचं म्हणणं, आणि ती गेल्यानंतरही ते तसंच चालू आहे.

भाऊ घरी आला. बायकोने खिडकीकडची जागा त्याला दिली. तो आणि आम्ही तिघं, मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, एकत्र जेवायला बसायचो. मी घरातल्या कुणापासून काही लपवलं नव्हतं. बायकोने फक्त एवढंच विचारलं होतं, "गोळीची वेळ कुठली? गजर माझ्या फोनला पण लावते."

आणि तिसऱ्या दिवशी मी त्याच्या ग्लासाला खूण केली.

हे मी आता सरळ लिहितोय, तेव्हा स्वतःलाही सरळ सांगितलं नव्हतं. मला जे माहीत होतं ते सगळं माहीतच होतं. पण भाऊ ज्यातून प्यायला त्याच ग्लासातून मुलगी पाणी पिताना दिसली, आणि तो ग्लास मी नंतर दोनदा धुतला. ती जुनी पोस्टरं, काळी आणि लाल, तीही मीच मोजली होती. नवी यादी तोंडपाठ झाली म्हणून ती माझ्यातून गेली नव्हती. मी स्वतःला म्हटलं, वेगळं कुठे करतोय, नुसती खूण करतोय. त्याला दिसणार नाही, कुणालाच दिसणार नाही. वडिलांच्या शब्दालाही धक्का नाही, ग्लास तर सारखेच आहेत.

प्रेसमधून मी काडीच्या टोकावर मॅजेंटा शाई आणली. आमच्या धंद्यात गुलाबीकडे झुकणाऱ्या लाल रंगाला मॅजेंटा म्हणतात. स्टीलवर शाई लवकर वाळत नाही, म्हणून त्यात ड्रायरचा एक थेंब घातला. सकाळी सगळे झोपेत असताना एका ग्लासाच्या बुडाशी, बरोबर मध्यावर, मोहरीएवढा ठिपका दिला आणि तो ग्लास कपाटावर दोन दिवस वाळत ठेवला. ते दोन दिवस मांडणीत पाचच ग्लास होते. तिसऱ्या दिवशी परत ठेवला. घासणीने जाणार नाही अशी खात्री करून घेतली. काम चोख झालं होतं.

त्या दिवसापासून पाणी वाढायचं काम मी माझ्याकडे घेतलं. बायको म्हणाली, "आज सूर्य कुठे उगवला?" मी म्हटलं, तुला तेवढीच मदत. मांडणीपाशी पाठ करून उभा राहायचो, ग्लास उचलून बूड बघायचो, ठिपका नसला तर दुसरा. सापडला की तो भावासमोर ठेवायचो. त्याला वरून पाणी प्यायची सवय लागली होती, ओठ न लावता. ग्लास वर उचलून तो मान मागे टाकायचा आणि ग्लासाचं बूड माझ्याकडे वळायचं. पाण्याची धार, त्याचा हलणारा कंठ, आणि वर तो ठिपका. खिडकीतल्या उजेडात तो एखाद्या छोट्या कुंकवासारखा दिसायचा. मला तो रोज दिसायचा. माझ्या शेजारी बसलेल्या दोघींनाही तो दिसू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच्या कामातली चूक मला दहा फुटांवरून दिसते.

पहिले तीन-चार दिवस ठिपक्याचा ग्लास शोधायला दोन-तीन ग्लास उचलावे लागायचे. नंतर गंमत झाली. हात घातला की पहिल्याच ग्लासाला ठिपका. रोज. मला वाटलं, हाताला सवय झाली, जागा कळायला लागली. सहा ग्लास, ठिपका एकाला, आणि रोज दिवसातून तीनदा पहिल्याच ग्लासाला तो निघतो, हे शक्य आहे का, असा प्रश्न कुठल्याही शाळकरी पोराला पडला असता. मला पडला नाही. मनासारखं होत असलं की मी मोजत नाही, हे तेव्हा कळलं.

दिवस चांगले जात होते. भावाचं वजन वाढत होतं. दर रविवारी तो आमच्या वजनकाट्यावर उभा राहायचा आणि मी आकडा कॅलेंडरवर लिहायचो. पन्नास. बावन्न. साडेत्रेपन्न. दुपारी तो खिडकीत बसून समोरच्या टॉवरची लिफ्ट बघत राहायचा. काचेची लिफ्ट होती, वर जाताना उन्हात चमकायची. मुलीला सांगायचा, "ती आता सातव्यावर थांबताना झटका देईल बघ." आणि ती द्यायची.

"काका, इथून कसं कळतं?"

"मला लिफ्टचा स्वभाव कळतो. माणसांचा नाही कळत."

"माझा कळतो का?"

"तू? तू मधल्या मजल्यावर अडकणारी केस आहेस."

घरात अशी हसण्याखिदळण्याची हवा होती, आणि मी पाणी वाढत होतो.

मग एका शनिवारी ते पाच माणसांचं पोस्टर मशीनवर चढलं. प्रूफ मी आधीच वाचलं होतं. कागद निघायला लागले, मी नेहमीसारखा एक उचलून भिंगाखाली धरला. रंग बरोबर बसले होते. पण लाल रंगाच्या रोलरवर कुठेतरी धुळीचा कण बसला असावा. प्रत्येक कागदावर एकाच ठिकाणी एक बारीक डाग येत होता. चित्रातल्या डावीकडून दुसऱ्या माणसाच्या ग्लासावर. मोहरीएवढा, मॅजेंटा.

मी मशीन थांबवायला सांगितलं.

मशीनमन माझ्याच वयाचा, कोकणातला, वीस वर्षं आम्ही एकत्र. रुमालाला हात पुसत आला. "काय झालं?"

"डाग आहे."

त्याने कागद बघितला, लांब धरला, जवळ धरला. "कुठे?"

"ग्लासावर."

"अरे यार, मच्छर बसलाय तिथे एक. दवाखान्यात लागणार आहे ते, लग्नात नाही. कोण बघतंय?"

"एकाच ग्लासावर आहे," मी म्हटलं. "पाचही ग्लासांवर असता तर डिझाइन वाटलं असतं. एकावरच असला की लोक तोच ग्लास बघणार. म्हणणार, त्याचाच का वेगळा?"

"तुझं ना, अवघड आहे," तो म्हणाला. पण मशीन पुसायला गेला.

मी तिथेच उभा राहिलो. हातात कागद होता. मशीन बंद झाल्यावर गाळ्यात जी शांतता पडते ती कानांत पाणी गेल्यासारखी असते. मी जे बोललो ते मला परत परत ऐकू येत होतं, माझ्याच आवाजात, पण लांबून. डाग पडलेले किती कागद निघाले ते मोजायला हवं होतं. मी ते मोजले, तीनशे बेचाळीस, आणि आकडा वहीत लिहिला.

त्या दिवशी निघताना मी छोट्या बाटलीत मशीन पुसायचं रॉकेल घेतलं आणि एक स्वच्छ चिंधी.

रविवारी सकाळी भाऊ अंघोळीला गेला. मुलगी क्लासला गेली होती, बायको खाली भाजीवाल्यापाशी. मी मांडणीतला पहिला ग्लास उचलला, ठिपका होता. रॉकेल लावून घासला. गेला नाही. नखाने खरवडला, थोडा टवका निघाला. मी ग्लास बाजूला ठेवला, चिंधी पुन्हा भिजवायची म्हणून, आणि का कुणास ठाऊक, दुसरा ग्लास उलटा केला.

त्यालाही ठिपका होता.

तिसऱ्याला होता. चौथ्याला, पाचव्याला, सहाव्याला. मांडणीतला कागद ओट्यावर पसरून सहाही ग्लास मी त्यावर पालथे घातले. आमच्या घरात ते तसे पहिल्यांदाच पालथे पडले असतील. खिडकीतून उजेड येत होता आणि सहा गोल बुडांवर सहा ठिपके, बरोबर मध्यावर. मला क्षणभर वाटलं की मी झोपेत आहे आणि कागद परत परत मशीनमधून निघतायत. मग मी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. पाच ठिपके जरा फिकट होते, जरा चमकदार. मॅजेंटा नव्हता तो. नेलपॉलिश होती. चौथ्या ग्लासावर माझी शाई होती. सत्तावीस वर्षं मी दोन लाल रंगांतला फरक ओळखून पोट भरतोय.

चौथ्यावर चिंधी फिरवली. तिसऱ्या फेरीला शाई सुटली, पाचव्या फेरीला बूड स्वच्छ झालं. बाकीच्या पाचांवर रॉकेलचा काही उपयोग नव्हता.

मी मागे सरकलो आणि बघितलं. पाच ग्लासांना ठिपका, एकाला नाही. माझ्या भावाचा ग्लास पुन्हा वेगळा झाला होता, आणि या वेळीही मीच केला होता.

बायको पिशवी घेऊन आत आली. ओट्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या चिंधीकडे बघितलं, वास घेतला.

"एकच पुसला गेला ना?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"अहो, भांडी कोण घासतं या घरात?" तिने कोथिंबीर सिंकमध्ये टाकली. "मला भाऊजी आल्याच्या आठव्या दिवशी दिसला. पण भाऊजींना माझ्या आधी दिसला. मी बाजारातून आले तर बॅग भरून बसलेले. मी म्हटलं, कुठे? तर ग्लास दाखवला मला. काही बोलले नाहीत, नुसता उलटा करून दाखवला."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, दहा मिनिटं बसा, एवढा वेळ बसलात तर दहा मिनिटं आणखी बसा. पोरीची नेलपॉलिश घेतली, उरलेल्या पाचही ग्लासांना लावली, वाळवली, सगळे एकत्र केले आणि त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, आता तुमचा कुठला तो दाखवा आणि मग खुशाल जा."

"आणि त्याला ओळखता आला नाही?"

"पाच मिनिटं बघत होते. मग म्हणाले, वहिनी, नाही सांगता येत. आणि बॅग रिकामी केली." ती माझ्याकडे वळली. "त्यांना रंगातलं कळत नाही. तुम्हाला कळायला हवं होतं. मी रोज वाट बघत होते, आज कळेल, उद्या कळेल."

मी मनात मोजलं. आठवा दिवस ते हा रविवार. त्र्याहत्तर दिवस. दिवसाचे तीन ग्लास प्रत्येकी, चार माणसं. सहातला कुठला कुणाकडे गेला हे त्र्याहत्तर दिवस कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याच्या ग्लासातून किती वेळा प्यायलो असेन, तो माझ्या. जे वाक्य मी इतकी वर्षं मोजून गठ्ठ्यांत बांधत होतो, ते माझ्याच स्वयंपाकघरात रोज तीनदा घडत होतं आणि मी मांडणीपाशी पाठ करून उभा होतो.

न्हाणीघराचं दार उघडलं. भाऊ डोकं पुसत बाहेर आला, ओट्यावरचे पालथे ग्लास बघितले आणि जागच्या जागी थांबला. टॉवेल डोक्यावर तसाच. त्याने मोजले असावेत, कारण त्याची नजर चौथ्यावर येऊन थांबली.

"दादा," तो म्हणाला, "हे काय करत होतास?"

"पुसून टाकत होतो."

"मला सांगणार होतास का?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "गुपचूप पुसणार होतो. झालंच नाही असं करणार होतो."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मुलगी प्यायली त्यातून, तेव्हा मला भीती वाटली," मी म्हटलं. "मला सगळं माहीत होतं आणि तरी वाटली."

"मला पण वाटते," भाऊ म्हणाला. "वरून का पितो मी?" त्याने टॉवेल खांद्यावर घेतला. "मी त्या दिवशी निघालोच होतो. बॅगेची चेन पण लावली होती."

"तुझी वहिनी बोलली आत्ता."

"बाबांचा कप आठवला मला. पण वहिनीने सहाच्या सहा पुढे ठेवले आणि मला हसायलाच आलं. म्हटलं, कुणाकुणाला सोडून जाऊ?"

बायकोने फ्रिजवरून नेलपॉलिशची बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "घ्या. तुमचं काम आहे हे. मध्यावर लावा, तुम्हाला जमतं ते."

मी चौथा ग्लास साबणाने धुतला, पुसला, पालथा ठेवला. झाकणाचा ब्रश बाटलीच्या काठावर निथळला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मोहरीएवढा. बरोबर मध्यावर. त्या वासाने डोळ्यांत पाणी आलं, का आणखी कशाने.

"पाच मिनिटं कुणी हात लावू नका," बायको म्हणाली.

आम्ही तिघं ओट्यापाशी उभे राहिलो. मांडणीतून काढलेला कागद खाली पसरलेला होता, त्यावर ग्लास. कागदावर कुठल्याशा पत्रिकेचं तोरण होतं आणि त्यातून वर आलेले चार-पाच हात. भावाने सहज एक ग्लास बोटाने सरकवला, खालचा हात नीट बघायला. मग तो म्हणाला, "दादा, तहान लागलीय रे."

"थांबा," बायको म्हणाली. "तुम्ही आधी तिकडे तोंड करा. तुम्हाला रंग ओळखू येतात."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. समोर कॅलेंडर होतं, त्यावर माझ्याच हातचे रविवारचे आकडे, शेवटचा छप्पन्न. मागे स्टीलवर स्टील घसरत होतं, एकदा, दोनदा, मग मोजता येणार नाही इतक्या वेळा. मग माठाच्या ओगराळ्याचा आवाज, आणि माझ्या उजव्या हातात एक गार ग्लास आला. कुणाच्या हातातून आला ते मी बघितलं नाही. बूडही बघितलं नाही. ओठ लावून प्यायलो. मागे भाऊही पाणी पीत होता, आणि या वेळी धार पडल्याचा आवाज येत नव्हता.